‘दो नेदेल्या’ म्हणजे कधीपर्यंत

“मॅडम, रशियन लेटर आलंय. अर्जंट आहे. काय लिहिलंय तेवढं फोनवर सांगा, टाइप वगैरे नंतर बघू.”

गुरुवारी सकाळी निपाणीहून दादासाहेबांचा फोन आला तेव्हा मी एका लेथ मशीनच्या मॅन्युअलमध्ये मान घालून बसले होते. दादासाहेब म्हणजे परदेशी नोकऱ्यांसाठी माणसं पाठवणारे एजंट. वेल्डर, फिटर, हॉटेलातले कुक अशी आपल्या भागातली पोरं ते पूर्व युरोपात पाठवतात. आणि मी रशियन भाषेची ट्रान्सलेटर. माहेर कंग्राळीचं, घरी शेती. मी पुण्याला रशियन शिकायला गेले तेव्हा आमचे काका म्हणाले होते, “रशियन शिकून ही काय म्हशींशी बोलणार?” बेळगावच्या फौंड्रीवाल्यांनी माझी लाज राखली. त्यांच्याकडे जुनी रशियन मशिनं होती आणि ती बिघडली की मला बोलावणं यायचं. गेली बरीच वर्षं मी बेळगावातच घरून काम करते.

दादासाहेबांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. मी चष्मा पुसून बघितला.

“हे रशियन नाही,” मी म्हटलं. “बल्गेरियन आहे.”

“अक्षरं तर तीच दिसतायत की.”

“लिपी तीच. भाषा वेगळी.”

“मग जमणार नाही का तुम्हाला?”

इथे मी ‘नाही’ म्हणायला हवं होतं. पण मला ‘जमणार नाही का’ असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. रशियन आणि बल्गेरियन म्हणजे मराठी आणि कोकणी समजा. एक येत असेल तर दुसरी बरीचशी कळते. ‘बरीचशी’ हा शब्द मी तेव्हा फार मनावर घेतला नाही.

“कळेल,” मी म्हटलं.

पत्र एका हॉस्पिटलचं होतं. वडगावच्या एका विणकर घरातला नागेश नावाचा सव्वीस वर्षांचा मुलगा तिकडच्या जहाजाच्या कारखान्यात वेल्डर होता. तो परांचीवर काम करताना खाली पडला होता. मांडीचं हाड मोडलं होतं. मोबाइलही त्याच्याबरोबर पडून फुटला होता. ऑपरेशन करायचं होतं. त्याआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना घराण्याच्या आजारांची माहिती हवी होती. नागेशला विचारलं तर तो म्हणाला होता, मला काही ठाऊक नाही, आईला विचारा. म्हणून हा फॉर्म कारखान्याच्या क्लार्कने दादासाहेबांना पाठवला होता. छापील सहा प्रश्न, आणि खाली डॉक्टरच्या हाताने लिहिलेली एक ओळ. नागेशच्या बहिणीने मोबाइलमधल्या भाषांतराच्या अ‍ॅपला ती ओळ दाखवून बघितली होती. अ‍ॅपला डॉक्टरचं अक्षर लागलं नाही. मला लागलं. त्याचा मला अभिमानही वाटला.

ओळ अशी होती: कृपया उत्तर ‘दो नेदेल्या’, ऑपरेशनच्या आधी.

‘दो’ म्हणजे पर्यंत. ‘नेदेल्या’ म्हणजे आठवडा. रशियनच्या पहिल्या महिन्यात शिकवतात हा शब्द. रशियनमध्ये ‘दो’च्या पुढे आला की त्याचं शेवटचं अक्षर बदलतं, इथे ते बदललेलं नव्हतं. पण बल्गेरियनमध्ये विभक्ती जवळजवळ गळून पडल्या आहेत, हे मला माहीत होतं. त्यामुळे शेपूट वेगळं दिसलं तरी शंका आली नाही. काहीच माहीत नसतं तर कदाचित आली असती.

“आठवडाभराची मुदत आहे,” मी दादासाहेबांना सांगितलं.

दुपारी नागेशचे आईवडील माझ्याकडे आले. वडील यल्लाप्पा, आई मालन. घरी दोन पॉवरलूम, साड्या विणतात. यल्लाप्पा खुर्चीच्या कडेवर बसले. मालन बसलीच नाही, दाराशी उभी राहिली. मी एकेक प्रश्न मराठीत वाचला. शुगर? न्हाय. बीपी? न्हाय. दमा? न्हाय. चौथा प्रश्न होता: रक्ताच्या नात्यात कुणाला भूल दिल्यावर खूप ताप आला होता का, किंवा कुणी दगावलं होतं का?

 यल्लाप्पांनी तिच्याकडे बघितलं.

“आमच्या थोरल्या आण्णाचं झालंतं,” ती म्हणाली. “माजा भाऊ. अपेंडिक्स काढायला नेलंतं. सुई टोचली आनि हात लावू देईना एवढं अंग तापलं म्हणं. दातखीळ बसली. तितंच गेला. गावात लोक धनुर्वात झाला म्हणत हुते. ते ह्यात धरायचं का न्हाय, आक्का?”

“कागद आहेत का कुठे?”

“गुंजीला वहिनीकडं हाईत. तिनं सगळं पेटीत ठेवलंय. इंग्लिशमदी हाय, आमाला कुटं कळतंय.”

मला अंदाजाने लिहायला आवडत नाही. धनुर्वात वेगळा, भूल वेगळी. मी म्हटलं, “कागद घेऊन या. बघून नेमकं लिहू. सहाही उत्तरं एकदम पाठवू.”

“आठवडा हाय न्हवं?”

“आठवडा आहे. सावकाश या.”

हे मी म्हणाले. माझ्या तोंडून गेलेले शब्द मला आजही जसेच्या तसे आठवतात, कारण पुढच्या चार दिवसांनी ते माझ्याकडून घोटून घेतले.

शुक्रवार, शनिवार, रविवार मी लेथच्या मॅन्युअलमध्ये घालवले. सोमवारी सकाळी आठ वाजता पाण्याचा फिल्टर दुरुस्त करायला माणूस आला. हा माणूस फक्त कन्नड बोलतो. त्याने फिल्टर उघडला, आत बघून मान हलवली, पार्ट मागवायला पाहिजे म्हणाला, आणि जाताना सासूबाईंना सांगून गेला, “वार बिट्टु बर्तीन्री.”

आमच्या सासूबाई साताऱ्याच्या. आमच्याकडे राहायला येऊन त्यांना दोन वर्षं झालीत. कन्नड म्हणजे ‘बेडा’ नको, ‘साकु’ पुरे, ‘बिट्टु’ सोडून, ‘बर्तीन’ येतो, एवढेच चार शब्द येतात. पण ऐकून अर्थ लावायची हौस दांडगी. स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाल्या, “वार सोडून येतो म्हणतोय. कुठला वार सोडून येणार? विचारलंस का? नाहीतर उपासाच्या दिवशी येऊन बसेल.”

मला हसू आलं. “अहो, कन्नडमध्ये वार म्हणजे आठवडा. आठवड्यानं येतो म्हणाला तो.”

“कसं काय? वार म्हणजे वार. सोमवार, मंगळवार.”

“आपल्यात. त्यांच्यात तोच शब्द आठवड्याला. एकच शब्द, इकडे दिवस, तिकडे...”

पुढचं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. हातातलं भांडं मी ओट्यावर ठेवलं की ते पडलं, आठवत नाही. एकच शब्द, इकडे दिवस, तिकडे आठवडा.

नेदेल्या.

इथे थोडं थांबून सांगायला पाहिजे, कारण मी तेव्हा ओट्याला टेकून हेच सगळं एका दमात आठवत होते.

रशियन, पोलिश, झेक, सर्बियन, बल्गेरियन या सगळ्या बहिणी. त्यांची आई एक जुनी भाषा, तिला अभ्यासक आदिस्लाव्ह म्हणतात. ती कुणी लिहून ठेवलेली नाही. आज हयात असलेल्या लेकींचे शब्द शेजारी शेजारी ठेवायचे आणि आईचा शब्द कसा असेल ते ठरवायचं. नातवंडांची नाकं बघून आजीचं नाक सांगतात, तसंच. असा ठरवलेला शब्द पुस्तकात छापताना त्याच्या आधी एक छोटा तारा काढतात. तारा म्हणजे हा शब्द कुणी लिहिलेला सापडलेला नाही, आम्ही बांधलाय.

‘नेदेल्या’चा मूळ शब्द असाच ताऱ्याचा आहे. त्याचे दोन तुकडे होतात. ‘ने’ म्हणजे न, आपलाच न. दुसरा तुकडा ‘करणे’ या अर्थाचा. त्याचं मूळ आणि संस्कृतातला ‘धा’ धातू एकाच कुळातले. न करणे. काम न करण्याचा दिवस. म्हणजे चर्चला जायचा, सुट्टीचा दिवस, म्हणजे रविवार. पोलिशमध्ये तो रविवारच राहिला. झेकमध्ये रविवार. युक्रेनियनमध्ये रविवार. सर्बियनमध्ये रविवारही आणि आठवडाही, बोलण्यावरून ओळखायचं. फक्त रशियनांनी काय केलं, एका रविवारपासून दुसऱ्या रविवारपर्यंतच्या सगळ्या दिवसांना ‘नेदेल्या’ म्हणायला लागले, आणि रविवारला वेगळाच शब्द आणला, पुनरुत्थानाचा. आपल्याकडे आठवडी बाजाराला नुसतं आठवडा म्हणतात ना, त्याच्या उलट प्रकार.

आणि बल्गेरियनमध्ये? बल्गेरियनमध्ये आठवड्याला ‘सेदमित्सा’ म्हणतात. सेदम म्हणजे सात. मला हा शब्द माहीत होता. मग ‘नेदेल्या’चं काय उरतं?

पुरावा तर माझ्या रशियनमध्येच पडला होता. सोमवारला रशियन लोक ‘पनिदेल्निक’ म्हणतात. फोड केली तर ‘नेदेल्यानंतरचा’. आठवड्यानंतरचा सोमवार, याला काही अर्थ नाही. रविवारनंतरचा सोमवार, याला आहे. आमच्या बाईंनी वर्गात हे सांगितलं होतं. मी वहीत लिहून घेतलं होतं. मार्कही मिळवले होते त्यावर.

कृपया उत्तर रविवारपर्यंत, ऑपरेशनच्या आधी.

आज सोमवार होता.

सासूबाई विचारत होत्या, काय झालं. मी घड्याळ बघितलं. आठ वीस. तिकडची वेळ अडीच तास मागे. म्हणजे पहाटेचे सहाला दहा कमी. रविवारपर्यंत उत्तर मागणारे लोक ऑपरेशन सोमवारी सकाळी ठेवणार, याला ज्योतिषी नको होता.

दादासाहेबांना फोन लावला. बराच वेळ वाजला.

“मॅडम, सोमवारी सकाळी सकाळी...”

“माझी चूक झालीय.”

“कसली?”

“त्या पत्रात आठवडा नव्हता. रविवार होता.”

 “किती मोठी चूक आहे?” त्यांनी विचारलं.

“माणूस जाईल एवढी.”

हे वाक्य मी आवाज न चढवता म्हटलं. दादासाहेबांबद्दल माझं मत फारसं बरं नव्हतं. पण त्या सकाळी त्यांनी एकही प्रश्न वाया घालवला नाही.

“तुमच्या मोबाइलवरनं परदेशी फोन लागतो?”

“नाही.”

“माझ्यावरनं लागतो. हॉस्पिटलचा नंबर पत्राच्या वर छापलाय. मी लावतो आणि लागला की तुम्हाला कॉन्फरन्सवर घेतो. तोवर तुम्ही तो गुंजीचा कागद बघा.”

मालनचा फोन लागेना, म्हणून मी यल्लाप्पांना फोन केला. मागाचा खडखडाट ऐकू येत होता.

“मालन कुठायत?”

“गुंजीला गेलतीया कालच. आज दुपारच्या गाडीनं येतीया. का वं आक्का?”

“तिचा फोन लागत नाहीये.”

“तितं रेंज न्हाय. शेजारी नारायणचं दुकान हाय, त्येचा नंबर देतो. का वं? नागेशचं काय...?”

खोटं बोलायला वेळ नव्हता आणि खरं सांगायचं धाडस नव्हतं. “नंबर द्या आधी,” मी म्हटलं. मागचा खडखडाट बंद झाला. त्यांनी माग थांबवला होता.

नारायण दुकानदाराने फोन पहिल्या रिंगला उचलला. मी म्हटलं, वडगावची मालन शेजारी आलीय, तिला पेटीतला भावाचा कागद घेऊन बोलवा, पळत. तो माणूस खरंच पळत गेला असावा. काउंटरवर ठेवलेल्या फोनमधून मला एक बाई साखर मागताना ऐकू येत होती आणि तिला कुणीच उत्तर देत नव्हतं. मी माझ्या टेबलावर पेन्सिल घेऊन बसले होते. पेन्सिलचं टोक मोडलं. दुसरी घेतली.

“आक्का?” मालनचा आवाज आला. “काय झालं वं?”

“कागद आणलात?”

“व्हय. पर कळंना त्यातलं.”

“नारायणना वाचायला सांगा. शेवटी जिथे कारण लिहिलंय, कॉज किंवा डायग्नोसिस, ते.”

नारायण कन्नड मीडियममध्ये शिकलेला. इंग्लिश अक्षरं येत होती, शब्द नाही. “मॅडम, लई मोठा शब्द हाय. अक्षरं सांगू का?”

“सांगा. एकेक.”

“एम. ए. एल. आय. जी...”

“जी की जे?”

“जी. गणपतीचा जी. मग एन, ए, एन, टी.”

मॅलिग्नंट. मला वाटलं कॅन्सर. पण कॅन्सरचा भुलेशी काय संबंध? “पुढे?”

“एच. वाय. पी. ई. आर. मग टी, एच, ई, आर, एम, आय, ए. आनि म्होरं प्रश्नचिन्ह हाय मॅडम.”

हायपरथर्मिया. हायपर म्हणजे जास्त, थर्म म्हणजे उष्णता. मी डॉक्टर नाही, पण शब्द फोडणं हा माझा धंदा आहे. भूल, ताप, दातखीळ. प्रश्नचिन्ह होतं, म्हणजे तेव्हाच्या डॉक्टरलाही पक्की खात्री नव्हती. पण धनुर्वात हा शब्द त्या कागदावर कुठेही नव्हता. मी दोनदा विचारून घेतलं.

“आक्का,” मालन म्हणाली, “एवडी घाई कशाला? अजून दिस हाईत की.”

मी फोन ठेवला. उत्तर दिलं नाही. त्याचं काय झालं ते पुढे कळल्यावर हे मला फार दिवस डाचत राहिलं.

तोवर पावणेनऊ झाले होते. दादासाहेबांचा फोन आला. “लागतोय, पण रेकॉर्ड वाजतंय. कळत नाही काय म्हणतंय. घेऊ तुम्हाला?”

रेकॉर्डवरची बाई आकडे सांगत होती. इमर्जन्सीसाठी कुठलं बटण ते मी कसंबसं पकडलं. “दोन दाबा,” मी निपाणीला सांगितलं. दादासाहेबांनी दोन दाबलं. फोन कटला. पुन्हा लावला. पुन्हा रेकॉर्ड. पुन्हा दोन. वाजत राहिलं. प्रत्येक रिंगला माझ्या डोळ्यांसमोर पांढरा दिवा, स्ट्रेचर आणि मी कधीही न बघितलेला एक मुलगा येत होता. मला देवाचं नावसुद्धा सुचत नव्हतं.

शेवटी एका म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज आला. मी रशियनमध्ये म्हटलं, मी भारतातून बोलतेय, तुम्हाला रशियन येतं का?

“शाळेत होतं,” तो म्हणाला. “विसरलोय. हळू बोला.”

मी हळू बोलले. घड्याळ समोर दिसत असताना हळू बोलणं काय असतं ते मला विचारा. पेशंटचं नाव सांगितलं, मांडीचं ऑपरेशन सांगितलं. त्याने यादी बघितली. आठ वाजता आहे म्हणाला. आमच्याकडचे साडेदहा.

मग, खात्री होती तरी, मी विचारलं, “तुमच्याकडे नेदेल्या म्हणजे काय?”

त्याने रशियन शब्द आठवायला क्षणभर घेतला. मग पुनरुत्थानाचा शब्द म्हणाला. रविवार.

“काल होता,” त्याने वर सांगितलं, मला माहीत नसेल म्हणून.

भूल देणाऱ्या डॉक्टर साडेसहाला येतात म्हणाला. फोन चालू ठेवू का, मी विचारलं. ठेवा, तो म्हणाला. आम्ही तिघं, तो म्हातारा तिकडे, दादासाहेब निपाणीत आणि मी, फोन धरून राहिलो. मध्ये एकदा दादासाहेब हळूच म्हणाले, “मॅडम, आहात ना?” मी म्हटलं, आहे.

डॉक्टरबाई आल्या. त्यांना इंग्लिश येत होतं. माझं नाव, कोण, कुठून हे सगळं त्यांनी आधी ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, “आम्ही रविवार संध्याकाळपर्यंत वाट बघितली. उत्तर आलं नाही. मी सहाही ठिकाणी ‘नाही’ लिहिलं.”

“चौथ्याचं उत्तर ‘हो’ आहे,” मी म्हटलं. “आईचा भाऊ. अपेंडिक्सचं ऑपरेशन. भूल दिल्यावर ताप, जबडा बसला, टेबलावर मृत्यू.” आणि मग ते दोन शब्द वाचले. प्रश्नचिन्हासकट.

 मग त्यांनी बल्गेरियनमध्ये कुणाला तरी भरभर काहीतरी सांगितलं. त्यातले मला दोनच शब्द कळले: ‘आज नाही’.

नंतर त्यांनी मला समजावून सांगितलं, मीही तुम्हाला तसंच सांगते. काही घराण्यांत रक्तातच हा दोष असतो. एरवी माणूस ठणठणीत. पण भुलेचे काही ठरावीक गॅस आणि स्नायू सैल करणारं एक इंजेक्शन दिलं की अंग आतून पेटतं. स्नायू लाकडासारखे कडक होतात, ताप चढत जातो. ओळखायला उशीर झाला तर माणूस हाती लागत नाही. मामाला असेल तर भाच्याला असेलच असं नाही, पण असू शकतं. दुसरी औषधं आहेत, त्यांनी काही होत नाही. फक्त आधी कळलं पाहिजे. मशीनमधला जुना गॅसही धुऊन काढावा लागतो. ऑपरेशन उद्या करू, म्हणाल्या. त्यांच्या आजच्या यादीत इंजेक्शन तेच होतं, हेही त्यांनी सांगितलं. ते नसतं सांगितलं तरी चाललं असतं.

“मुदत चुकली ती माझ्यामुळे,” मी म्हटलं. “मी रशियन पद्धतीने वाचलं.”

“नेदेल्या?” त्या म्हणाल्या.

“हो.”

“लोकांची गाडीसुद्धा चुकते त्या शब्दाने,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मंगळवारी ऑपरेशन झालं. दुसरी औषधं देऊन. हाडात सळई घातली. ताप आला नाही. संध्याकाळी नागेश कारखान्याच्या क्लार्कच्या फोनवरून आईशी बोलला. दादासाहेबांनी मला कळवलं आणि म्हणाले, “झालं मॅडम. सुटलो. त्या लोकांना आता रविवार-बिविवार काही सांगत बसू नका. पोरगं बरं आहे, विषय संपला.”

विषय संपला असं मलाही वाटायला लागलं होतं. खोटं कशाला बोलू.

शुक्रवारी मालन आणि यल्लाप्पा आले. मालनच्या हातात पिशवी. तिने माझ्यासमोर साडी ठेवली. गर्द हिरवी, काठ लाल. “ह्यांनी विणली. सुताच्या कांड्या म्या भरल्या. न्हाय म्हणू नका. तुम्ही फोन केलासा म्हणून पोरगं ऱ्हायलं.”

ती वाकून पाया पडायला लागली. ती माझ्याहून फार लहान नाही. मी तिचे हात धरले. त्या क्षणी मी गप्प राहिले असते तर कुणालाही काही कळलं नसतं. दादासाहेब बोलणार नव्हते. भीती वाटली, ती आदल्या सोमवारसारखी नव्हती, पण कमीही नव्हती. आपलं नाव जाईल याची.

“आधी ऐका,” मी म्हटलं. “त्या पत्रात आठवडा नव्हताच. रविवारपर्यंत कळवा असं लिहिलं होतं. मी चुकीचं वाचलं. माझ्यामुळे उशीर झाला. आणखी दोन तास गेले असते तर नागेशला तेच इंजेक्शन दिलं असतं.”

यल्लाप्पांनी मान वर केली. “कागदावर रविवार लिवलंतं?”

“हो.”

“आनि तुम्ही आठवडा म्हणालासा.”

“हो.”

मालन खाली जमिनीवर बसली. मला वाटलं ती आता रडेल, शिव्या देईल, पिशवी उचलून जाईल. मी तयार होते. 

“म्हंजे माजं चुकलं न्हाय?” ती म्हणाली.

मला कळलं नाही. “तुमचं काय चुकलं?”

“म्या शनवारी निघालेली हुते गुंजीला. मागावरची साडी ऱ्हायलीती, म्हटलं ती उतरून रविवारी जाऊया. सोमवारी तुम्ही फोन ठिवलासा, काय बोलला न्हाईसा. मला वाटलं, म्या साडी बघत बसले आनि पोराला मारलंच हुतं. चार दिस जेवान जाईना मला. ह्यांस्नी बी सांगितलं न्हाय.”

यल्लाप्पांनी तिच्याकडे मान वळवली. हे ते पहिल्यांदा ऐकत होते.

चार दिवस मी माझ्या नावाची काळजी करत होते. ही बाई तोवर घरी बसून माझी चूक स्वतःच्या अंगावर घेत होती, आणि मी फोन न ठेवता एक वाक्य बोलले असते तर हे टळलं असतं. हे माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं.

“तुमचं काहीच चुकलं नाही,” मी म्हटलं. “आठवडाभर वेळ आहे असं मी सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही रविवारी गेलात. तुम्ही लवकरच गेलात.”

मग ती रडली. साडी टेबलावर तशीच होती. जाताना यल्लाप्पांनी ती पिशवीत घातली आणि काखेत मारली. मला ते बरोबर वाटलं.

आता बल्गेरियन पत्र आलं की मी पुण्यातल्या एका बाईंकडे पाठवते. त्या ती भाषा रीतसर शिकल्यात. दादासाहेबांना हे आवडत नाही, एक दिवस जास्त लागतो म्हणतात. लागू दे. आणि कुठल्याही भाषेतल्या पत्रात मुदत असली की मी उलट विचारते: तारीख कुठली?

महिन्याभराने नागेशचा डिस्चार्जचा रिपोर्ट आला. मालन एकटीच तो घेऊन आली. मी म्हटलं, हा मी वाचणार नाही, पुण्याला पाठवते.

“तुम्ही बी वाचा,” ती म्हणाली. “त्या बाईनं बी वाचू दे. आनि दोघीचं येगळं आलं, तर मला सांगायचं. लगीच. फोन ठिवायचा न्हाय.”